उसवणारी शिवण

विश्रांतवाडीला आमच्या घरात कुठलंही वाक्य एका दमात पूर्ण होत नसे. लोहगावच्या धावपट्टीवरून लढाऊ विमान उठलं की ते थेट आमच्या पत्र्यावरून जायचं. फळीवरचे डबे थरथरायचे, आणि जो बोलत असेल तो तोंड तसंच उघडं ठेवून थांबायचा. आवाज आळंदी रस्त्यापलीकडे विरला की अडलेला शब्द उचलून पुढे बोलणं सुरू. पाहुण्यांना वाटे, ही माणसं विचार करकरून बोलतात. माझे वडील तर भांडणातसुद्धा थांबत. आई एकदा त्यांना म्हणाली होती, "तुमचं विमान गेलं असंन तर बोला पुढं." त्यावर भांडणच संपलं. आजही मी बोलता बोलता मधेच थांबते. माझी मुलगी हिंजवडीच्या एका कंपनीत आहे. ती फोनवर विचारते, "आई, आर यू देअर? नेटवर्क गेलं का?" नेटवर्क जात नाही. सवय जात नाही.

आम्ही यवतमाळकडचे. वडील इकडे एका बाटल्यांच्या कारखान्यात भांडारात लागले आणि मागोमाग आई मला घेऊन आली. त्यांची पाळी दुपारची, आईचं काम सकाळचं, त्यामुळे सकाळचा स्वयंपाक वडिलांकडे. शेजारच्या बायकांना याची मोठी गंमत वाटे. वडील मात्र गंभीरपणे पाटवड्या थापत, सुरीने शंकरपाळ्यासारख्या कापत आणि तिखटजाळ रश्शात एकेक सोडत. त्यांची ज्वारीची भाकरी कधी गोल झाली नाही, पण मिरचीचा ठेचा असा की डबा उघडला की शिवणखात्यातल्या सगळ्या बाया आपापल्या पोळ्या घेऊन आईकडे सरकत. "वानखेडेबाई, तुमच्या मालकांना आमच्याकडे पाठवा आठवडाभर," असं कोणीतरी रोज म्हणायचं आणि आई रोज म्हणायची, "भांडी घासत नाईत ते, आधीच सांगते."

हे शिवणखातं म्हणजे घरापासून पंधरा मिनिटांवरची एक लांबट शेड. दहा-बारा जड मशिनं, भिंतीला लावलेले नायलॉनच्या पट्ट्यांचे गुंडाळे, आणि नव्या पट्ट्यांना येतो तो रॉकेलसारखा वास. मालक शिंदे. पूर्वी सरकारी कारखान्यात होते, मग स्वतःचं सुरू केलं. तिथे हवाई छत्र्यांचे पट्टे शिवले जात, सामान बांधायच्या जाळ्या, वैमानिकाला आसनाशी बांधून ठेवणारे खांद्या-कमरेचे पट्टे. आई तिथली सगळ्यात पक्की शिवणारी. चौथीपर्यंत शिकलेली, पण एखाद्या पट्ट्यावर बोट फिरवून तो कोणत्या बाईने शिवलाय हे सांगायची. तिची स्वतःची शिवण दोन माणसांनी दोन्हीकडून ओढली तरी तसूभर हलत नसे. शिंदेमालक गिऱ्हाइकासमोर मुद्दाम तिचाच पट्टा ओढून दाखवत. आईला त्याचा अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

बारावीची परीक्षा झाली आणि निकालापर्यंत मी तिच्या शेजारच्या मशिनवर बसू लागले. निकाल बरा लागला, तरी मी तिथेच राहिले, आणि कॉलेज पुढे संध्याकाळच्या वर्गांत केलं. त्याच उन्हाळ्यात आपटेसाहेब आले. विमानातून माणूस सुखरूप बाहेर कसा काढायचा, यावर काम करणाऱ्या एका सरकारी संस्थेत ते अभियंता होते. उंच, वाळकुडे, सदाशिव पेठेतल्या माणसासारखं मोजून बोलणारे. त्यांनी खिशातून पट्ट्याचा एक तुकडा काढला, त्याची दुहेरी घडी घातली आणि आईला म्हणाले, "बाई, या घडीवर मला शिवण हवी आहे. पण अशी, की ठरलेल्या जोराने ओढली तर ती उसवली पाहिजे."

आईला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

"उसवली पाह्यजे?" तिने विचारलं.

"ओळीमागून ओळ. भराभर नाही आणि मुळीच नाही असंही नाही."

मग त्यांनी स्टूल ओढून समजावलं, आणि ते मला आज इतक्या वर्षांनीही तसंच्या तसं आठवतं. विमान पडायला लागलं की वैमानिक एक मूठ ओढतो. आसनाखाली स्फोट होऊन तो आसनासकट आभाळात फेकला जातो. मग छत्री उघडते. ज्या क्षणी ती उघडते त्या क्षणी, इतक्या वेगात चाललेल्या माणसाला जबरदस्त हिसका बसतो. मान मोडते, मणका दुखावतो. पट्टा कितीही पक्का असला तरी तो हिसका गिळत नाही, उलट सगळाच्या सगळा माणसाला देतो. पण मधे घडी घातलेला पट्टा असेल आणि त्याची शिवण एकेक ओळ उसवत गेली, तर हिसक्याचा जोर त्या उसवण्यातच खर्च होतो. आपटेसाहेबांनी हात पुढे करून, बोटं हळूहळू उलगडत दाखवलं. "माणूस वाचावा म्हणून शिवण मरते," ते म्हणाले आणि लगेच, आपण फारच बोललो असं वाटून, चष्मा पुसत बसले.

आईने पहिले सहा नमुने शिवून दिले. तीन दिवसांनी साहेब ते परत घेऊन आले. त्यांच्याकडे पट्टे ओढून पाहण्याचं यंत्र होतं. सहापैकी एकही नमुना उसवला नव्हता. ठरल्याच्या दुपटीने ओढल्यावर पट्टाच फाटला होता, शिवण जागच्या जागी.

"बाई, तुमची शिवण उत्तम आहे," साहेब म्हणाले. "वैमानिकाची मान तुटेल, शिवण तुटणार नाही."

शेडमध्ये दोघी-तिघी हसल्या. आई हसली नाही. त्या रात्री घरी तिने वडिलांनी वाढलेलं ताट अर्धं ठेवलं. वडिलांनी विचारलं, "काऊन, मीठ जास्त झालं का?" ती म्हणाली, "पंधरा वर्षं ज्याच्यावर नाव कमावलं तेच चुकीचं हाय म्हणतात." वडिलांनी तिचं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाले, "चुकीचं नाई म्हणले ते. दुसरं मागितलं त्यांनी. मी कुठं जन्मतः भाकरी शिकलो होतो?"

दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःच्या हाताच्या सवयी मोडायला घेतल्या. ओळीच्या शेवटी दोन टाके मागे घ्यायची सवय. दोऱ्याला मेण लावायची सवय. कोपऱ्यात पाय थोडा सैल सोडायची सवय, ज्यामुळे तिथे टाके दाट पडत. ती ओठांतल्या ओठांत टाके मोजत शिवायची, आणि मी ऐकत माझे नमुने करायचे. माझी गंमत उलटी होती. मी नवशिकी, माझी शिवण हाताने ओढली तरी सुटून यायची. साहेब दोघींचे नमुने शेजारी ठेवून म्हणाले, "आई-मुलीची सरासरी काढली तर काम होईल." महिनाभरात आईचे नमुने ठरल्या जोराला उसवू लागले. दीड महिन्यात माझेही.

पण एक अडचण राहिली. उसवायला सुरुवात होताना, पहिल्याच ओळीला, यंत्राचा काटा एकदम वर उडे आणि मग खाली येऊन स्थिर होई. तो पहिला उडालेला काटा म्हणजे मानेला बसणारा हिसकाच. साहेबांनी दोरा बदलून पाहिला, पट्टा बदलून पाहिला. एकदा ते शेडमध्ये कागदांवर आकडे मांडत बसले असताना आई शेजारी जुनी जाळी उसवत होती. ती सहज म्हणाली, "साहेब, उसवताना पहिला टाकाच जिवावर येते. एकदा तोंड लागलं की मग शिवण आपोआप सुटत येते."

"ते मला दिसतंय, बाई."

"तर मंग तोंडालेच विरळ घ्या न. पहिल्या दोन-तीन ओळी विरळ, मंग दाट करत जाऊ."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. आईला वाटलं आपण आगाऊपणा केला, म्हणून ती उठून चहा आणायला गेली. परत आली तेव्हा साहेब नव्या कागदावर ओळी आखत होते, सुरुवातीला लांब लांब, मग जवळ जवळ. चार दिवसांनी ते स्वतः चालत आले आणि एवढंच म्हणाले, "काटा उडत नाही." त्या पट्ट्याचा आराखडा पुढे मी शेकडो वेळा हाताळला. त्यावर तीन सह्या आहेत, आणि आईची त्यांत नाही. पण त्या विरळ ओळी आहेत, पहिल्या तीन. मला त्या दिसल्या की अजून ऊर भरून येतो, त्याला मी काही करू शकत नाही.

आता जे झालं ते सांगायला मला अनेक वर्षं लागली. मुलीलाही मी ते तिचं लग्न ठरल्यावर सांगितलं.

माणसाच्या वजनाचा पुतळा आसनात बसवून आकाशात चाचणी करायची ठरली आणि त्यासाठी चाळीस पट्टे हवे होते. आई आणि मी मिळून शिवत होतो. शेवटच्या दुपारी घाई होती. पट्ट्याच्या टोकाला पोलादी कडी असते, तिच्याजवळ शिवताना माझा हात घसरला आणि सुई कडीवर आपटली. खट असा आवाज झाला. मी थांबले, सुई पाहिली. मोडली नव्हती, वाकलीही नव्हती. आई तेव्हा गुंडाळा आणायला आत गेली होती. मी पुढे शिवत राहिले. काम संपल्यावर सगळे पट्टे एका खोक्यात भरले, तिचे-माझे एकत्रच. साहेबांची जीप दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला यायची होती.

सकाळी लवकर येऊन सगळ्या मशिनच्या सुया काढून पाहायच्या, ही आईची शिस्त. मी केर काढत होते. माझ्या मशिनची सुई तिने नखावरून ओढली, खिडकीपाशी जाऊन नखावर ओरखडा उठलाय का पाहिलं, पुन्हा ओढली.

"नलू, काल सुई लागली का कशाले?"

"नाही," मी म्हणाले.

तिने पुन्हा विचारलं नाही. सुई कागदात गुंडाळू लागली. आणि तेवढ्यात विमान आलं. शेडचा पत्रा थडथडला. आम्ही दोघी सवयीप्रमाणे गप्प उभ्या राहिलो, ती कागद हातात धरून, मी झाडू धरून. तो आवाज डोक्यावर असेपर्यंत मला दुसरं काही सुचेना. त्या विमानात कोणी बसलेला आहे, एवढंच मनात येत राहिलं. आजवर ते आवाज होते. त्या सकाळी पहिल्यांदा मला त्यात माणूस बसलेला जाणवला.

आवाज गेल्यावर मी म्हणाले, "कडीवर आपटली होती."

"कधी?"

"दुपारी. जेवणानंतर. किती पट्टे झाले होते ते नाही आठवत."

तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली. सुईच्या टोकाला कडीने बारीक कूस, खरखरीत कंगोरा, आली होती. तशी सुई पट्ट्यात शिरताना त्याचे धागे बाजूला सारत नाही, कापत जाते. वरून शिवण अगदी देखणी दिसते. पण ओढ बसली की शिवण उसवायच्या आधी पट्टाच मधून जातो, आणि पट्टा गेला की माणूस छत्रीपासून सुटतो.

"साहेब आले की तूच सांगजो," ती म्हणाली. "मी बाजूलेच उभी हाय."

आधी शिंदेमालक आले. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, दोन-चार गेले असतील. बाकीचे तर चांगले आहेत ना. तुमचेच आहेत त्यात."

"कोणते बाकीचे, ते दाखवा," आई म्हणाली.

त्यांनी खोक्यात पाहिलं. चाळीसही पट्टे एकसारखे होते. दीड महिना आम्ही तेच तर साधत होतो, की तिची आणि माझी शिवण ओळखू येऊ नये. बोटावर विश्वास असलेली माझी आईसुद्धा ते वेगळे करू शकत नव्हती. तिने मोठी कात्री घेतली, खोकं पुढ्यात ओढलं आणि कापायला बसली. मालक "थांबा, साहेबांना येऊ द्या" म्हणत होते. ती म्हणाली, "साहेबाले दाखवाले दोन ठेवते." पट्टा जाड असतो, एका दाबात कापला जात नाही. तिचा अंगठा लाल झाला तरी ती थांबली नाही. त्यांतले निम्म्याहून जास्त तिचे होते, बिनचूक. मी समोर उभी होते आणि तिने मला एकदाही कात्री धर म्हटलं नाही.

आपटेसाहेब आले, खाली पडलेला ढीग पाहिला आणि दारातच थबकले. मी सांगितलं. सुई आपटली, मी बदलली नाही, आणि सकाळी आईने विचारलं तेव्हा खोटं बोलले, हेही सांगितलं. शेवटचं सांगायची गरज नव्हती, पण सुरुवात केल्यावर मधे थांबता येईना. साहेबांनी आईने ठेवलेल्या दोन पट्ट्यांची शिवण पूर्ण उसवली आणि सुईची भोकं भिंगाखाली धरली. एक निर्दोष होता. दुसऱ्यात प्रत्येक टाक्यापाशी कापलेल्या धाग्यांची बारीक लव दिसत होती.

मालक म्हणाले, "साहेब, मुलगी नवीन आहे. उद्यापासून तिला बसवत नाही."

साहेबांनी भिंग खिशात ठेवलं. "मी नोकरीला लागल्यापासून," ते सावकाश म्हणाले, "आपली चूक सांगायला कोणी आपणहून आलेलं नाही. अशा वेळी काय बोलतात ते मला ठाऊक नाही. पण जिने सांगितलं तिला तुम्ही काढलंत, तर राहिलेल्यांनी न सांगितलेलं मी कुठे शोधायचं?"

मालक खाली पडलेले तुकडे गोळा करू लागले.

"चाचणी पुढे ढकलू," ते म्हणाले. "बोलणी मी खाईन. चाळीस पट्टे पुन्हा लागतील."

"अर्धे हीच शिवंन," आई म्हणाली. "आणि साहेब, आता हरेक पट्ट्यावर शिवणारीचा आकडा टाकू. म्हणजे चूक झाली तर चांगलं कापा लागणार नाई."

तेव्हापासून शेडमध्ये प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला कापडी चिठ्ठी शिवली जाऊ लागली. आईचा आकडा एक, माझा सात. ते वीस पट्टे शिवताना मी दर पट्ट्यानंतर सुई काढून पाहिली. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख पांढऱ्या रेघांनी भरून गेलं होतं. आई शेजारी बसून आपले शिवत होती आणि माझ्याकडे वळूनही पाहत नव्हती. रात्री घरी मात्र वडिलांना म्हणाली, "पोरगी आज मजुरावानी नाई, कारागिरावानी बसली होती." मी मोरीत पाय धूत होते. मला ऐकू जावं म्हणूनच ती बोलली असणार.

पुतळ्याची चाचणी चांगली झाली. पट्टे विमानांवर बसले. मग दोनेक वर्षं काहीच झालं नाही, आणि या धंद्यात काही न होणं हीच चांगली बातमी.

मग एका सकाळी वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या, की सरावाचं एक विमान शेतात कोसळलं, वैमानिक बाहेर पडला. आठ-दहा आठवड्यांनी आपटेसाहेब शेडमध्ये आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक तरुण होता. साधा शर्ट, मानेला पांढरा आधारपट्टा, थोडा जपून चालत होता. पंचविशीचा असेल, माझ्याहून फार मोठा नाही. मशिनं एकेक करून थांबली. साहेबांनी पिशवीतून एक पट्टा काढला. चौकशीचं काम संपलं होतं, एका दिवसापुरता तो मागून आणला होता. त्यावर माती होती.

आईने हात पदराला पुसले आणि पट्टा घेतला. सुरुवातीच्या विरळ ओळी पूर्ण सुटल्या होत्या, दोऱ्याची टोकं केसांसारखी उभी होती. पुढच्या दाट ओळीही सुटल्या होत्या. ती बोटाने एकेक ओळ मोजत गेली. कुठेही पट्टा कापला नव्हता, फाटला नव्हता. शेवटाकडे पाच ओळी शाबूत होत्या. तिथे हिसका संपला होता.

"एवढ्या उरल्या," ती म्हणाली. मग त्या तरुणाला विचारलं, "मान दुखते का?"

"आता कमी आहे," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, पुन्हा उडता येईल." त्याचं मराठी थोडं अडखळत होतं, बहुतेक आमच्यासाठी वाटेत जुळवलेलं. "साहेबांनी सांगितलं, ही युक्ती तुमची. म्हणून भेटायला आलो."

तो मान न वाकवता, पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांतून खाली झुकू लागला, तिच्या पायांना हात लावायला. आईने त्याला कोपराला धरून थांबवलं. दुसऱ्या हाताने पट्ट्याच्या टोकाची चिठ्ठी उलटी केली, अंगठ्याने माती पुसली आणि उजेडाकडे धरली. आकडे तिला नीट वाचता येत. तरी तिने बराच वेळ पाहिलं.

"युक्ती माही असंन," ती म्हणाली. "शिवण माही नाई."

मग तिने मला हाक मारली, सगळ्या शेडला ऐकू जाईल अशी. मी उठून गेले. तिने पट्टा माझ्या दोन्ही हातांवर ठेवला आणि त्या तरुणाला म्हणाली, "ही सात नंबर. माही पोरगी."